पंडित साहेबांची रिठा-धुलाई

आमच्या सोनपेठेत पंडित साहेबांइतका पांढरा माणूस दुसरा नाही. म्हणजे कपड्यांनी. पौर्णिमेला विहारात आम्ही सगळेच पांढरं घालून जातो, पण साहेब आले की बाकीच्यांचं पांढरं मळकं दिसायला लागतं. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगतात. वंदना संपली की ओट्यावर बसतात, सदऱ्याची बाही पुढे करतात आणि समोरच्याला म्हणतात, "हात लावून बगा. लोण्यावानी मऊ हाय का न्हाई? पावडरीचा कण न्हाई लावलेला." मग समोरचा हात लावतो आणि मान डोलावतो. चांगली शिकलेली-सवरलेली माणसं दुसऱ्याच्या सदऱ्याला हात लावून माना डोलावतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

साहेब हे नाव त्यांनीच चालू केलं. तालुक्याच्या कचेरीत ते आवक-जावकला कारकून होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं, तेही जेवणाची सुट्टी सोडून. निवृत्त झाल्यावर शिक्का मारायला काही उरलं नाही, नमस्कार करायलाही कुणी येईना, तेव्हा ते धुण्याकडे वळले.

धुण्याकडे वळले म्हणजे धुवायला लागले, असा अर्थ कुणी काढू नये. या माणसाने आंघोळ करून निघाल्यावर स्वतःचा टॉवेल कधी पिळलेला नाही. ओला टॉवेल बाजेवर तसाच टाकायचा, तो उचलायला घरात बायको आहे. धुण्याकडे वळले म्हणजे धुण्यावर बोलायला लागले. मोबाईलवर कुणाचं तरी ऐकायचं, त्यात स्वतःचं घालायचं आणि गावाला सांगायचं. रिठे रात्रभर भिजवा, बिया काढा, पाणी उकळा. चुलीची राख फडक्यात बांधून तिचं पाणी गाळून घ्या, त्याने मळ सुटतो. मऊपणाला शिरका, म्हणजे व्हिनेगर, घाला, कडकपणाला भाताची पेज. पिवळेपणावर लिंबू. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय लागतं. 'निसर्ग धुलाई परिवार' असा त्यांनी मोबाईलवर ग्रुपही काढला. त्यात मलाही घातलं, न विचारता.

आता यातलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. आमची आई लोकरीची शाल रिठ्याच्याच पाण्यात धुवायची आणि ती चांगली निघायची. पेज घातलेली सुती साडी अंगावर कशी बसते हे मलाही ठाऊक आहे. लिंबू चोळून मे महिन्याच्या उन्हात टाकलेलं फडकं पांढरं होतं, त्यासाठी कुणा साहेबाची गरज नाही. पण साहेब त्यात त्यांच्या मेलेल्या आईला आणायचे. "आमची माय जिंदगीभर राखेनं धुनं धुयाची. काय पांढरं निघायचं!" ती माउली राखेने धुवायची, कारण घरात साबण आणायची ऐपत नव्हती. तिच्या हाताची सालं निघायची. कुणी तिला साबणाची एक वडी दिली असती तर तिने ती छातीशी धरली असती. तिच्या लेकाला हे कळत नव्हतं असं नाही, पण कळून सोयीचं नव्हतं.

आणि त्यांच्या लोण्यासारख्या सदऱ्याचं म्हणाल, तर ते मला पुष्कळ आधीपासून माहीत होतं. एकदा सकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा साहेब चौकात चहाला गेले होते आणि मागच्या अंगणात त्यांची बायको चांगुणाबाई धुणं धूत होती. साहेबांनी ढवळून ठेवलेलं रिठ्याचं पाणी तिने माझ्यासमोर मोरीत ओतलं. मग जात्याच्या मागून पावडरीची पुडी काढली, बादलीत टाकली, सदरे घोळले, घासले, आणि शेवटच्या पाण्यात निळीचे थेंब सोडले. मी बघतच राहिले.

"हे काय करायल्यात बाई?" मी विचारलं.

"त्यांच्या पाण्यात सदरा पिवळाच राहतो," ती म्हणाली. "मग ते दिवसभर घरात चिडचिड करतेत. पाणी चुकलं, राख चुकली, तुझा हात चुकला. त्यापरीस हे बरं. तू कुठं बोलू नको."

मी कुठे बोलले नाही. घरातल्या लेकी-सुनांनाही हे ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. करणारीचे हात पावडरीने भेगाळलेले आणि बाही पुढे करून मिरवणारा तिसराच. चांगुणाबाईची मला कीव यायची आणि तितकाच रागही यायचा. बाईने आपल्या नवऱ्याला इतकं जपावं की त्याला आपण मूर्ख आहोत याचा पत्ताच लागू नये, हे मला कधी पटलं नाही.

आता माझा यात काय संबंध, ते सांगते. माझी थोरली बहीण सरजाआक्का पंडित साहेबांच्या धाकट्या भावाला, सिद्धोधनला, दिली होती. सिद्धोधन टेम्पो चालवतो आणि थोरल्या भावापुढे तोंड उघडत नाही. आक्का कॅन्सरने गेली तेव्हा तिची लेक माधवी बारावीला होती. पोरगी पुढे नर्सिंग शिकली, परभणीला दवाखान्यात लागली, आणि या वैशाखात तिचं लग्न ठरलं. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. आक्काची लग्नातली साडी घरात होती, सुती, निळ्या बारीक काठाची. आक्का गेल्यावर तिच्या वस्तू इकडे तिकडे गेल्या, फोटोही धड एक नाही. आईचं म्हणून माधवीकडे राहिली ती ही साडी. ट्रंकेत राहून ती घड्यांवर पिवळी पडली होती.

"मावशी, मी दुसरी साडी नेसणार न्हाई," माधवी मला म्हणाली. "आईची नेसून उभी राहिले तर आई शेजारी हाय असं वाटंल."

पोरगी तशी रडणारी नाही. पण हे बोलताना तिने साडी अशी धरली होती की मला तिच्याकडे बघवेना. साडी धुवायला मोठ्या घरी, म्हणजे थोरल्या काकांकडे, द्यायची असं ठरलं. गावात सगळे म्हणाले, पंडित साहेबांकडे दिली म्हणजे आता काळजी नाही. धुणार कोण हे मला ठाऊक होतं, म्हणून मीही हो म्हणाले. माधवी स्वतः जाऊन साडी देऊन आली आणि ड्यूटीवर परभणीला गेली.

नेमकी त्याच आठवड्यात चांगुणाबाईची लेक राजेश्री, परभणीलाच दिलेली, दिवस भरायच्या आधीच अडली. चांगुणाबाई पिशवी घेऊन मिळेल त्या एसटीने गेली. जाताना तिने साडी कपाटात ठेवली आणि नवऱ्याला बजावलं की मी येईपर्यंत हिला हात लावू नका. असं बजावल्यावर तो माणूस हात लावणार नाही, असं तिला इतक्या वर्षांच्या संसारानंतरही वाटलं.

इकडे बचत गटाच्या बायकांनी साहेबांचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. समाजमंदिरासमोर मांडव, माइक, खुर्च्या. साहेबांना प्रात्यक्षिकाला एक पिवळं पडलेलं पांढरं कापड हवं होतं, म्हणजे आधी आणि नंतरचा फोटो ग्रुपवर टाकता येईल. सगळ्या गावात त्यांना दुसरं कापड सापडलं नाही.

मी अंगणवाडीतून सुटून तिथे पोचले तेव्हा साहेब माइकवर होते. समोर तीन दगडांच्या चुलीवर जयंतीची कढई चढवलेली होती. एप्रिलमध्ये जयंतीला अख्ख्या वस्तीची भाजी जिच्यात होते ती ही, मोठी, लोखंडाची, आतून काळी कुळकुळीत. घरचं पातेलं साहेबांना कमीपणाचं वाटलं. कढईत रिठे होते, शिकेकाई होती, आणि कपड्याला चमक यावी म्हणून वर आवळकाठीही टाकलेली होती. पाणी उकळत होतं आणि त्याचा रंग मला दुरूनही दिसत होता.

समोर बसलेल्या बायकांना मी एकेक करून ओळखते. त्यातल्या निम्म्या बायका केस पांढरे व्हायला लागल्यापासून आवळकाठी आणि शिकेकाई लोखंडाच्या कढईत उकळतात, मुद्दाम लोखंडाच्या, कारण त्याने काळं होतं. तेच काळं डोक्याला चोपडून दर महिन्याला उन्हात बसतात. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि त्याच बायका त्या कढईकडे बघत, तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या, कारण साहेब बोलत होते आणि माइक चालू होता. मला त्या माणसाचा जेवढा संताप आला तेवढाच या बायकांचाही आला.

मग साहेबांनी खांद्यावरून साडी काढली आणि निळा काठ मी ओळखला.

"सायेब, थांबा," मी ओरडले. "ही कढई लोखंडाची हाय. आमी हिच्यात केस काळे करायचं करतो. साडी काळी होईल."

साहेब हसले. माइक तोंडापासून न काढता म्हणाले, "शीलाबाई, तुमी अंगणवाडीत पोरींना लोहाच्या गोळ्या देता ना? कामून देता? ताकद यावी मनून. तसंच कपड्यालाबी लोह लागतंय."

बायका हसल्या. खरंच हसल्या, तोंडाला पदर लावून. मी खुर्च्यांमधून वाट काढून पुढे जाईपर्यंत त्यांनी साडी काठीने कढईत दाबली होती. वरून राखेचं पाणी ओतलं आणि म्हणाले की आता मळ सुटायला लागला, बघा पाणी कसं काळं व्हायलंय.

मी काठी हिसकावून साडी बाहेर काढली तोवर व्हायचं ते झालं होतं. कुठे काळी, कुठे राखाडी, कुठे पावसाळ्यातल्या भिंतीवर ओल येते तसे डाग. घरी आणून मी तिला लिंबू चोळलं, मीठ चोळलं. काळं थोडं उतरलं, पण पांढरं काही निघालं नाही, आणि जुनं सूत माझ्या बोटांखाली फाटायला लागलं. मग मी चोळायचं थांबवलं. मोरीत बसून मी आक्काला आठवून रडले आणि त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकायला तिथे नव्हता, हे त्याचं नेहमीचंच नशीब.

माणूस चुकतो. चुकलं म्हणाला असता तर मी गप्प बसले असते. संध्याकाळी साहेबांनी ग्रुपवर टाकलं की साडीला पूर्वी लावलेल्या पावडरींचं विष बाहेर पडलं, म्हणून ती काळी झाली, यावरून पावडर किती घातक आहे ते ओळखा. आक्का असताना त्या साडीने लग्नानंतर पाण्याचं तोंड दोन-चारदा पाहिलं असेल. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण अंगणाने विष ओकलं असं सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. त्या मजकुराखाली बायकांनी हात जोडलेल्या खुणा टाकल्या. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

माधवी आली, तिने साडी उलगडून बघितली आणि पुन्हा घडी घातली. साहेब तिला विषाचं सांगायला लागले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मोठे बाबा, एवढंच म्हना की तुमच्या हातून चुकलं," ती म्हणाली. "मला दुसरं काही नको."

"चुकलं कसं मनू? चुकलेलंच न्हाई," ते म्हणाले. "तुला ते विष अंगावर घालायचं होतं का?"

माधवी उठून गेली. सिद्धोधन शेजारीच बसला होता, स्वतःच्या पोरीच्या आईच्या साडीवर एक शब्द बोलला नाही. वर मला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "जाऊ द्या, थोरले हायत." आमच्याकडे थोरला होण्याचा फायदा एवढाच, की पुढे कधी अक्कल लागत नाही.

चांगुणाबाई नातू झाल्यावर परत आली. तिने साडी बघितली, नवऱ्याचं विषही ऐकलं. मला वाटलं, आता तरी ही बाई बोलेल. ती मागच्या अंगणात गेली आणि लग्नाला घालायचा नवऱ्याचा सदरा धुवायला बसली, जात्यामागच्या पुडीने.

"तुमाला काही वाटतं का न्हाई?" मी तिला विचारलं. "आता तरी त्यांच्या पाण्यात धुवा की, गावाला दिसू द्या."

"लग्नात घरची इज्जत कशाला घालवायची," ती म्हणाली. पण सदरा घासताना तिचा हात थांबत होता. नीळ टाकताना थेंब किती पडले तेही तिने बघितलं नाही.

लग्न विहाराच्या अंगणात झालं. माधवी नवी पांढरी साडी नेसली होती, परभणीहून आणलेली, सुंदर, पण तिची कुणी न लागणारी. त्रिसरण झालं, पंचशील झालं, हार घातले, फुलं पडली. मग आशीर्वादाची भाषणं सुरू झाली आणि घरातले थोरले म्हणून पहिला माइक पंडित साहेबांकडे गेला. एखादा माणूस चार चांगले शब्द बोलून खाली बसला असता.

ते म्हणाले की संसारात काय टाळावं हे नवरीला आधीच कळलं, हे तिचं भाग्य. तिच्या आईच्या साडीतून विष कसं निघालं हे अख्ख्या गावाने पाहिलं. कुणाला शंका असेल तर त्याने आपल्या अंगावरच्या सदऱ्याकडे बघावं. "हाबी त्याच पद्धतीनं धुतलेला हाय. याच्यात विष न्हाई मनून हा पांढरा. ती साडी खराब होती, माझी पद्धत न्हाई." आणि सवयीने बाही पुढे केली.

बायकांच्या बाजूला चांगुणाबाई बसलेली होती. ती उभी राहिली. एवढ्या लोकांत ती कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती, आणि माझ्या मते तिनेही पाहिली नव्हती.

"तो सदरा मी पावडरीनं धुतला," ती म्हणाली. "सगळेच सदरे पावडरीनं धुते. रिठ्याचं पाणी मी मोरीत ओतून देते. पयल्यापासून. सरजाच्या साडीत काही खराबी नव्हती."

आणि मग लोक हसले. त्या कढईसमोर हसले होते तेच, आणखी बरेच. साहेबही हसले. "नातू झाल्यापासून हिची झोप झालेली न्हाई," ते माइकवर म्हणाले. "बस खाली, काय बोलायलीस." मागून कुणी तरी म्हणालं, साहेबांची बायकोच साहेबांवर जळते. एवढ्या वर्षांनी खरं बोललेल्या बाईला एकाही माणसाने खरं मानलं नाही. तिला बसताही येईना आणि उभंही राहता येईना. पदराचं टोक तिने दोन्ही हातांत धरलं होतं.

तेव्हा माधवी खुर्चीवरून उठली. गळ्यात हार तसाच होता. ती सगळ्या रांगा ओलांडून बायकांच्या बाजूला आली, चांगुणाबाईजवळ उभी राहिली आणि तिच्या भेगाळलेल्या हातांवर आपला हात ठेवला. माइक तिच्याकडे नव्हता, पण अंगण लहान आहे.

"मोठी आई खरं बोलायली," ती साहेबांना म्हणाली. "मला ते शाळेत असल्यापासून ठाऊक हाय. आईनंच सांगितलं होतं. मनून तर साडी मी मोठ्या आईच्या हातात दिली होती, मोठे बाबा. तुमच्या न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी सिद्धोधनकडे बघितलं, सिद्धोधनने मान खाली घातली. मग त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं, तिथले लोक त्यांच्या सदऱ्याकडे बघत होते. त्यांनी पुढे केलेली बाही मागे घेतली. माइकवाला मांडवातून आला आणि त्यांच्या हातातला माइक काढून घ्यायला लागला, तेव्हा त्यांनी तो सोडला.